कर्नल ट्रेसिंग: पॉइंटरच्या साखळीतून प्रोग्रॅमचं नाव वाचताना अर्ध्या ओळी कोऱ्या का येतात?

मिहान_रात्रपाळी · शनिवार, सकाळी ७.२०

रात्रपाळी संपवून आत्ता घरी पोचलो. झोपायच्या आधी हा धागा काढतो, कारण तीन आठवडे हेच डोक्यात फिरून राहिलं आहे.

आमच्याकडे काही जुने सर्व्हर आहेत. रोज रात्री दोनच्या आसपास त्यांच्यावर डिस्कचं लिखाण एकदम वाढतं आणि सगळं मंद होतं. कोण लिहितं ते कोणालाच माहीत नाही. म्हणून मी ईबीपीएफचा (कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम सुरक्षितपणे चालवायची सोय) एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सी भाषेत, लिबबीपीएफ (असे प्रोग्रॅम कर्नलमध्ये लोड करणारी लायब्ररी) वापरून. ब्लॉक लेयरच्या, म्हणजे डिस्कच्या विनंत्या हाताळणाऱ्या भागाच्या, ब्लॉक_आरक्यू_इश्यू या ट्रेसपॉइंटला (कर्नलमधली टेहळणीसाठी ठरवलेली जागा) जोडला. डिस्ककडे विनंती निघाली की त्या क्षणी चालू असलेल्या टास्कच्या एक्झिक्युटेबल फाइलचं नाव छापायचं. कामाची ओळ ही (फील्डांची नावं आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत):

नेम = बीपीएफ_कोर_रीड(टास्क, एमएम, एक्झी_फाइल, एफ_पाथ.डेंट्री, डी_नेम.नेम);

दोन अडचणी.

पहिली: निम्म्याहून जास्त ओळींत नाव कोरं. चूक नाही, इशारा नाही, नुसतं रिकामं.

दुसरी: माझ्या लॅपटॉपवर, ६ च्या मालिकेतल्या कर्नलवर, प्रोग्रॅम चालतो. सर्व्हरवर रेड हॅट ८ आहे, कर्नल ४.१८. तिथे लोडच होत नाही. व्हेरिफायर (लोड होताना प्रोग्रॅम तपासणारा कर्नलचा भाग) म्हणतो: इनव्हॅलिड फंक अननोन#१९५८९६०८०. असं फंक्शन मी कुठेच बोलावलेलं नाही. टास्कची स्थिती, म्हणजे __स्टेट हे फील्डही मी वाचतो, हे सांगून ठेवतो.

ही ओळ मी एका उदाहरणातून उचलली होती. आत काय चालतं ते मला नीट उमगलेलं नाही, आणि ते उमगल्याशिवाय हा प्रोग्रॅम सर्व्हरवर लावायला मन धजत नाही.

---

बर्डीकर · शनिवार, सकाळी ८.०५

भाऊ, आधी झोप काढा. प्रश्न चांगला मांडला आहे, उत्तरं येतील.

तोवर एक तपासा. कोऱ्या ओळींत टास्कचं छोटं नाव, म्हणजे कॉम, काय येतं? बीपीएफ_गेट_करंट_कॉम ने छापून पाहा. मला वाटतं केवर्कर दिसेल.

---

अंबाझरीकाठची · शनिवार, सकाळी १०.४०

बर्डीकर दादांचा अंदाज बरोबर निघेल. पण त्याआधी बीपीएफ_कोर_रीड हा मॅक्रो काय करतो ते एकदा उलगडून लिहिते, कारण दोन्ही अडचणींची मुळं तिथेच आहेत.

साध्या सी मध्ये आपण बाण लावत जातो: टास्क->एमएम->एक्झी_फाइल आणि पुढे. केप्रोब (कर्नलच्या फंक्शनवर बसवलेली टेहळणी) किंवा ट्रेसपॉइंटच्या बीपीएफ प्रोग्रॅममध्ये असा सरळ बाण चालत नाही. टास्क हा पॉइंटर व्हेरिफायरच्या दृष्टीने नुसता आकडा असतो, त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री त्याला नसते. म्हणून प्रत्येक बाणासाठी बीपीएफ_प्रोब_रीड_कर्नल हे फंक्शन बोलवावं लागतं. पत्ता चुकीचा निघाला तरी ते कर्नल पाडत नाही, चूक परत करतं. (५.५ च्या आधी कर्नल आणि युझर मेमरी दोन्हींसाठी एकच बीपीएफ_प्रोब_रीड होतं. जुन्या कर्नलवर नवं फंक्शन नसेल तर लिबबीपीएफ लोड करताना आपणहून जुनं बसवतं, त्याची काळजी नको.)

आता तुमच्या ओळीत चार वाचनं आहेत:

टास्क मधून एमएम (प्रोसेसच्या मेमरीची नोंद)
एमएम मधून एक्झी_फाइल
एक्झी_फाइल मधून एफ_पाथ.डेंट्री (फाइलच्या नावाची नोंद)
डेंट्री मधून डी_नेम.नेम

मॅक्रो नसता तर ही चार वाचनं, तीन मधले व्हेरिएबल आणि चार वेळा साइझऑफ, सगळं हातानं लिहावं लागलं असतं. बीसीसी (याच कामाचं दुसरं साधन) मध्ये बाण लिहिला की मागच्या मागे क्लँग हा कंपायलर तो बदलून द्यायचा, त्यामुळे तिथून आलेल्यांना हा फरक पहिल्यांदा खटकतो.

स्वल्पविराम आणि टिंब यातला फरक सगळ्यात महत्त्वाचा. डी_नेम हे स्ट्रक्ट डेंट्रीच्या पोटातच आहे. तिथे जाणं म्हणजे घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणं, म्हणून टिंब. एमएम हा मात्र नुसता पत्ता आहे. तो पत्ता वाचायचा आणि धरमपेठेतून उठून इतवारीत दुसऱ्या घरी जायचं, म्हणून स्वल्पविराम. प्रत्येक स्वल्पविराम म्हणजे एक खेप. एका मॅक्रोत अशा ९ पायऱ्यांपर्यंत जाता येतं.

आता मधल्याच एका घराला कुलूप असलं तर? वाचन फसतं, आणि फसलं की प्रोब रीड हाती शून्य ठेवतं. मॅक्रो तिथे थांबत नाही. तो शून्य हाच पुढचा पत्ता समजून पुढची खेप करतो, तीही फसते, पुन्हा शून्य. शेवटी तुमच्या हाती नल, म्हणजे शून्य पत्ता, येतो. म्हणजे "फील्डमध्येच नल होता" आणि "वाटेत वाचन फसलं" या दोन्हींचं उत्तर सारखंच. बीपीएफ_कोर_रीड किंमत परत करतो, चूक परत करायला त्याच्याकडे जागाच नाही.

फरक हवा असेल तर बीपीएफ_कोर_रीड_इंटू वापरा. तो किंमत तुमच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि शेवटच्या वाचनाचा निकाल परत देतो. मधलं काही फसलं असेल तर शेवटचंही फसतंच, त्यामुळे निकाल ऋण येतो. निकाल शून्य आणि किंमतही नल असेल, तर तिथे खरोखरच नल होता.

---

मिहान_रात्रपाळी · शनिवार, दुपारी ३.१५

उठलो. बर्डीकर दादा, बरोबर! कोऱ्या ओळी सगळ्या केवर्करच्या, मधून एखादी जेबीडी२ ची (फाइल सिस्टिमचं जर्नल लिहिणारा कर्नलचा धागा).

ताई, खोली आणि घराचा दाखला वाचला आणि माझाच कोड मला पहिल्यांदा वाचता आला. पण केवर्करला एक्झिक्युटेबल नाही, ते का?

---

जुना_सीवाला · शनिवार, दुपारी ४.००

केवर्कर कर्नलचाच धागा आहे. त्याला युझरची मेमरी नसते, म्हणून टास्कचा एमएम नल. साखळी पहिल्याच पायरीवर संपली. यात मॅक्रोची चूक नाही, शून्य खरंच आहे.

ओळखायचं असेल तर टास्कचे फ्लॅग्ज वाचा आणि पीएफ_केथ्रेड हा बिट पाहा, किंमत ०एक्स००२०००००. ही किंमत तुम्हाला स्वतः डिफाइन करावी लागेल. बीपीएफटूलने काढलेल्या व्हीएमलिनक्स.एच मध्ये ती सापडणार नाही. ते हेडर बीटीएफ पासून, म्हणजे कर्नलसोबत येणाऱ्या टाइपांच्या माहितीपासून, बनतं आणि बीटीएफ मध्ये टाइप असतात. #डिफाइन केलेले आकडे प्रीप्रोसेसरमध्येच विरघळतात, तिथवर पोचत नाहीत. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक मुलाचा पहिला दिवस यात गेला आहे.

पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. तुम्ही ज्या दारावर पहारा बसवला ते दारच चुकीचं आहे. प्रोग्रॅम फाइलमध्ये लिहितो तेव्हा ते बहुतेक वेळा आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, जातं. नंतर कधीतरी केवर्कर ती मळलेली पानं गोळा करतो आणि डिस्ककडे पाठवतो. ब्लॉक लेयरच्या दारात तुम्हाला पोस्टमन दिसतो, पत्र लिहिणारा नाही. पोस्टमनला कितीही नीट विचारलं तरी तो स्वतःचंच नाव सांगणार.

लिहिणारा हवा असेल तर व्हीएफएस_राइट या कर्नलच्या लिखाणाच्या फंक्शनवर बसा. तिथे चालू टास्क म्हणजे तो प्रोग्रॅमच, आणि हातात स्ट्रक्ट फाइलही येते. कोणती फाइल तेही कळेल:

बीपीएफ_कोर_रीड(फाइल, एफ_पाथ.डेंट्री, डी_नेम.नेम)

दोनच खेपा. फक्त पाइप, सॉकेट, टर्मिनल यांची लिखाणंही तिथून जातात, म्हणून फाइलच्या एफ_इनोड मधला आय_मोड (त्यात फाइलचा प्रकार असतो) वाचून साध्या फाइलींपुरतंच ठेवा. त्याचे मास्कही डिफाइनच आहेत, तेही स्वतः लिहा. आणि एमएमॅप करून (फाइल थेट मेमरीत जोडून) लिहिणारा प्रोग्रॅम या दारातून जात नाही, हे लक्षात असू द्या.

---

तर्रीपोहा · शनिवार, संध्याकाळी ५.३०

मी व्हीएनआयटीत तिसऱ्या वर्षाला आहे, मध्येच विचारतो, माफ करा. काकांनी सांगितलेलं लगेच करून पाहिलं. फाइलचं नाव काढायला बीपीएफ_कोर_रीड_एसटीआर_इंटू वापरलं, नावातच स्ट्रिंग आहे म्हणून. तर विचित्र अक्षरं येऊन राहिली आहेत. कॉम साठी तेच वापरलं तर नीट येतं. असं काहून?

---

अंबाझरीकाठची · शनिवार, संध्याकाळी ६.१०

माफी कशाला, हा खड्डा लिहून ठेवायलाच हवा होता.

कॉम हा १६ बाइटचा ॲरे आहे, टास्कच्या पोटातच. नेम हा पॉइंटर आहे, अक्षरं दुसरीकडे आहेत. एसटीआर_इंटू शेवटच्या फील्डच्या जागेवर उभं राहून तिथूनच अक्षरं वाचायला लागतो. कॉम च्या जागेवर खरंच अक्षरं आहेत. नेम च्या जागेवर मात्र पत्त्याचे आठ बाइट आहेत, आणि तुझ्याकडे ते पत्त्याचेच बाइट अक्षरं म्हणून छापले गेले.

त्यामुळे पॉइंटर असेल तर दोन टप्पे: आधी बीपीएफ_कोर_रीड ने पत्ता काढ, मग बीपीएफ_प्रोब_रीड_कर्नल_एसटीआर ने अक्षरं. ॲरे असेल तर एसटीआर_इंटू एकदाच. साधं बीपीएफ_कोर_रीड ॲरेवर चालवू नकोस, सी मध्ये ॲरे किंमत म्हणून परत देता येत नाही. बिटफील्डचंही तसंच. त्याचा पत्ता घेता येत नाही, म्हणून त्याला बीपीएफ_कोर_रीड_बिटफील्ड_प्रोब्ड हा वेगळा मॅक्रो आहे.

आणि डी_नेम म्हणजे फक्त शेवटचं नाव हं, पूर्ण मार्ग नाही. मार्गासाठी डी_पेरेंट धरून वर चढत जावं लागतं, आणि माउंटची हद्द आली की ती साखळीही तुटते. मी दोनदा प्रयत्न करून सोडून दिलं. नाव आणि इनोड क्रमांक एवढ्यावर माझं काम भागतं.

---

बर्डीकर · शनिवार, रात्री ९.२०

दुसऱ्या अडचणीला कोणी हात लावला नाही, म्हणून मी लावतो.

१९५८९६०८० हा आकडा सोळाच्या पद्धतीत लिहा. ०एक्सबीएडी२३१० होतो. इंग्रजीत वाचला तर "बॅड रिलो". लिबबीपीएफ लिहिणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेली खूण आहे ती. नव्या लिबबीपीएफ मध्ये संदेश यापेक्षा स्पष्ट येतो, तुमची आवृत्ती जुनी असावी.

बीपीएफ_कोर_रीड मधला कोर काय करतो ते पाहा. झिरो माइलच्या खांबावर गावांची अंतरं कोरली आहेत, ती एका ठरावीक जागेपासून मोजलेली. स्ट्रक्टमधलं फील्डही तसंच, सुरुवातीपासून इतक्या बाइटवर. पण स्ट्रक्ट दर कर्नलमध्ये बदलतो. मधे एखादं फील्ड घुसलं की पुढची सगळी अंतरं सरकतात. म्हणून मॅक्रो अंतर पक्कं कोरत नाही. क्लँगच्या __बिल्टिन_प्रिझर्व्ह_ॲक्सेस_इंडेक्स च्या मदतीने फक्त एवढं नोंदवतो की "मला टास्क_स्ट्रक्ट मधलं एमएम हवं". लोड होताना लिबबीपीएफ त्या मशीनचं बीटीएफ उघडतं, नावावरून फील्ड शोधतं आणि खरं अंतर सूचनेत भरतं. कंपाइल करताना -जी दिलं नाही तर ही नोंदच बनत नाही.

रेड हॅटने बीटीएफ ८.२ पासून दिलं आहे, त्यामुळे तुमच्या सर्व्हरवर ते असायला हवं. /सिस/कर्नल/बीटीएफ/व्हीएमलिनक्स ही फाइल आहे का तेवढं बघा. असेल तर दोष नावाचा. टास्कची स्थिती आधी स्टेट या फील्डमध्ये होती. ५.१४ मध्ये तिचं नाव __स्टेट झालं, आणि टाइपही लाँग वरून अनसाइन्ड इंट झाला. ४.१८ वर __स्टेट शोधलं तर कुठून सापडणार? न सापडलेल्या जागी लिबबीपीएफ ती "बॅड रिलो" सूचना ठेवतं, आणि व्हेरिफायर तिथे पोचला की नाकारतो.

उपाय असा. दोन छोटे स्ट्रक्ट लिहा: टास्क_स्ट्रक्ट___नवा ज्यात फक्त अनसाइन्ड इंट __स्टेट, आणि टास्क_स्ट्रक्ट___जुना ज्यात लाँग स्टेट. दोघांवर प्रिझर्व्ह_ॲक्सेस_इंडेक्स हे ॲट्रिब्यूट. तीन अंडरस्कोअर आणि त्यापुढचं नाव लिबबीपीएफ सोडून देतं, दोन्ही तुलनेत टास्क_स्ट्रक्टच धरले जातात. मग:

जर बीपीएफ_कोर_फील्ड_एक्झिस्ट्स(नवा->__स्टेट) तर बीपीएफ_कोर_रीड(नवा, __स्टेट)
नाहीतर बीपीएफ_कोर_रीड(जुना, स्टेट)

ज्या कर्नलवर __स्टेट नाही तिथे ती अट लोड होतानाच पक्की शून्य होते. व्हेरिफायरला कळतं की ती वाट कधीच चालली जाणार नाही, आणि तिथली "बॅड रिलो" सूचना तो तपासतच नाही. टाइप दोन्हीकडे आपापले लिहा. चार बाइटच्या फील्डवर लाँग लावलं तर शेजारच्या फील्डचे चार बाइट ओढून आणाल, आणि ते चूक म्हणून दिसणारही नाही.

---

फुटाळा_४५ · रविवार, सकाळी ९.००

नवे कर्नल असलेल्यांसाठी एक भर. केप्रोबऐवजी एफएंट्री (फंक्शनच्या सुरुवातीला जोडायची नवी पद्धत) वापरता आलं तर हे मॅक्रो बरेचसे लागतच नाहीत. तिथे पॉइंटरचा टाइप व्हेरिफायरला बीटीएफ वरून माहीत असतो, म्हणून फाइल->एफ_इनोड->आय_मोड असं सरळ लिहिता येतं. वाटेत नल आला तर कर्नल तो सांभाळून शून्य देतं. अक्षरं वाचायला मात्र प्रोब_रीड_कर्नल_एसटीआर तिथेही लागतंच. मी नवीन काही लिहितो ते एफएंट्रीनेच लिहितो. ज्याला नुसतं एकदा बघायचं आहे त्याने बीपीएफट्रेस (छोट्या स्क्रिप्टने ट्रेसिंग करायचं साधन) घ्यावं, तिथे बाण लावला की झालं.

---

जुना_सीवाला · रविवार, सकाळी ९.४५

मान्य. पण बीपीएफट्रेसचा बाण असो की एफएंट्रीचा, एक गोष्ट तीच राहते: ही वाचनं कुलूप न घेता होतात. पहिली खेप आणि चौथी खेप यांच्या मधे दुसऱ्या सीपीयूवर तो प्रोसेस मरू शकतो, फाइल बंद होऊ शकते. प्रोब रीड कर्नलला वाचवतं. वाचलेलं खरं आहे की नाही, याची हमी ते देत नाही. चालू टास्कची स्वतःची फील्डं वाचत असाल तर भीती कमी. दुसऱ्याच टास्कमधून चार घरं पलीकडे गेलात तर एखादी विचित्र ओळ येणारच, आणि ती एक ओळ घेऊन कोणावर बोट ठेवू नका. मी एकदा ठेवलं होतं. तो मुलगा तीन दिवस स्वतःच्या कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसला. अजून आठवतं मला ते.

---

मिहान_रात्रपाळी · मंगळवार, सकाळी ७.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लावलं.

व्हीएफएस_राइट वर केप्रोब, साध्या फाइलींपुरतं गाळण, स्थितीसाठी दोन स्ट्रक्ट. रेड हॅटवर पहिल्या झटक्यात लोड झालं. नावांचे बफर स्टॅकवर ठेवले होते, ५१२ बाइटची मर्यादा लगेच आडवी आली, म्हणून ते पर-सीपीयू ॲरे मॅपमध्ये हलवले.

१ वाजून ५८ मिनिटांपर्यंत तुरळक ओळी. बरोबर २ ला जीझिप (फाइली दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) सुरू झालं आणि थांबलंच नाही. पण जीझिप कोणी सुरू केलं? मग काल संध्याकाळी तर्रीपोहा आणि मी फोनवर बसून वाढवलेलं कामाला आलं:

बीपीएफ_कोर_रीड_एसटीआर_इंटू(&बाप, टास्क, रिअल_पेरेंट, कॉम)
बीपीएफ_कोर_रीड_एसटीआर_इंटू(&आजोबा, टास्क, रिअल_पेरेंट, रिअल_पेरेंट, कॉम)

आजोबा निघाला क्रॉन्ड, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्रॅम. बाप एक स्क्रिप्ट, नाव १५ अक्षरांवर कापलेलं, पण ओळखायला तेवढं पुरलं. जुने लॉग बांधून ठेवणारी स्क्रिप्ट आहे, आमच्यातल्याच कोणीतरी फार पूर्वी लिहिलेली. ती रोज फक्त कालचे नाही, अख्ख्या फोल्डरमधले सगळे लॉग नव्याने बांधते. लॉग वाढत गेले तसं तिचं कामही वाढत गेलं.

काकांचं ऐकून एका रात्रीवर विसंबलो नाही. आज रात्री तिन्ही सर्व्हरवर पुन्हा पाहतो, मगच स्क्रिप्टला हात लावीन.

---

तर्रीपोहा · मंगळवार, सकाळी ८.३०

दादा, भारीच! एक विचारायचं होतं. मी हेच सॉकेटवर करून पाहिलं, बीपीएफ_कोर_रीड(एसके, __एसके_कॉमन.एसकेसी_डीपोर्ट), तर ४४३ ऐवजी ४७८७३ आलं. मॅक्रो चुकला का?

---

अंबाझरीकाठची · मंगळवार, सकाळी ८.४०

नाही रे. एसकेसी_डीपोर्ट नेटवर्कच्या बाइटक्रमात ठेवलेला असतो. बीपीएफ_एनटोएचएस मधून काढ, ४४३ येईल. शेजारचा एसकेसी_नम, म्हणजे आपल्या बाजूचा पोर्ट, मशीनच्याच क्रमात असतो. त्याला उलटवू नकोस.